आवाज बंद करा, हे सांगायचं कोणी?

बसमध्ये मोबाइल मोठ्याने वाजवणाऱ्यांचा विषय निघाला की बोलणं हमखास संस्कारांवर जातं. पोरांना वळण राहिलं नाही, आईबापांनी शिकवलं नाही, आमच्या वेळी असं नव्हतं. अशा बोलण्याने दोन गोष्टी होतात. मोबाइल वाजवणारे सगळे तरुणच असतात, हा खोटा समज पक्का होतो. आणि प्रश्न एकदा घराघरांत ढकलला की गाडी चालवणारी यंत्रणा त्यातून मोकळी होते. मला दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते. माझं म्हणणं सरळ आहे: बसमधला हा आवाज बंद करायला सांगण्याचं काम ज्याला त्रास होतो त्या प्रवाशावर पडताच कामा नये. तिकीट तपासणं, दारात लटकणाऱ्याला आत घेणं, विडी ओढणाऱ्याला थांबवणं ही जशी गाडी चालवणाऱ्या संस्थेची कामं आहेत, तसंच हेही आहे.

नाशिकच्या बसमध्ये कोण बसतं ते आधी पाहू. सकाळी निमाणीहून सातपूर-अंबडकडे पहिल्या पाळीचे कामगार जातात, आणि त्याच वेळी समोरून येणाऱ्या गाड्यांत रात्रपाळी संपवून परतणारे असतात. घर येईपर्यंत वीस मिनिटं डोळा लागावा, एवढंच त्यांना हवं असतं. गंगापूर रोडच्या कॉलेजांना आणि क्लासेसना जाणारी मुलं मांडीवर वही उघडून शेवटची उजळणी करतात. शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे हृदयाचे, किडनीचे, कर्करोगाचे रुग्ण येतात आणि उपचार घेऊन पुन्हा एसटीनेच गावाकडे निघतात. केमोनंतर परतणाऱ्या माणसाला पाच-सहा तासांचा रस्ता काय असतो, हे ज्याच्या घरात घडलंय त्याला सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट लागत नाही आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट लागतं. म्हणजे म्हातारी माणसं आणि बायका यांनी एसटीनेच फिरावं, अशी सरकारचीच इच्छा आहे. चांगली इच्छा आहे ती. पण गाडीत बसवल्यावर त्या माणसांचा प्रवास कसा होतो, हाही त्याच धोरणाचा भाग मानायला हवा.

या सगळ्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांना मधेच उतरता येत नाही. बागेत कोणी गाणी लावली तर पलीकडच्या बाकावर जाता येतं, हॉटेलात गोंगाट असेल तर दुसरं हॉटेल गाठता येतं. भरलेल्या बसमध्ये मिळालेली सीट सोडून कुठे जाणार? म्हणून बसमधला आवाज हा रस्त्यावरच्या आवाजापेक्षा वेगळा मोजायला हवा, भले त्याची पातळी कमी असो.

हा त्रास इतक्या प्रमाणात का वाढला, याचं कारण माणसं अचानक बिघडली असं नाही. ट्रान्झिस्टर कानाशी धरून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकणारा प्रवासी पूर्वीही होता; पण तो गाडीत एखादाच असायचा आणि स्कोअर किती झाला हे त्याला इतरच विचारायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा कवडीमोल झाला. योगायोगाने त्याच महिन्यात ॲपलने इअरफोनचा जॅक नसलेला आयफोन ७ जाहीर केला. पुढच्या काही वर्षांत इतर कंपन्यांनीही अनेक मॉडेलमधून जॅक काढला आणि फोनच्या डब्यात इअरफोन देणंही बहुतेकांनी सोडलं. म्हणजे दिवसभर व्हिडिओ पाहता येईल अशी सोय झाली आणि ते गुपचूप ऐकण्याचं साधन मात्र वेगळं विकत घ्यायची वस्तू झाली. मग छोट्या व्हिडिओंची लाट आली. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, पण जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले आणि सवय तशीच पुढे चालू राहिली. या व्हिडिओंची घडणच अशी आहे की ते आपोआप सुरू होतात, संपले की पुन्हा पहिल्यापासून वाजतात, आणि बोटाने सरकवलं की पुढचा लगेच सुरू होतो. पाहणाऱ्याला चित्र दिसतं, त्यामुळे त्याला त्यात सलगता वाटते. शेजारच्याला ऐकू येतात फक्त तुटके तुकडे: अर्धी ओळ, हशा, किंकाळी, पुन्हा तीच अर्धी ओळ.

या तुटकेपणाचं माणसाच्या मेंदूशी काय नातं आहे, यावर संशोधन झालेलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकाग्रतेचं काम दिलं आणि त्यांच्या कानावर कधी दोघांचं संपूर्ण संभाषण घातलं, कधी एकाच माणसाचं सलग बोलणं, तर कधी फोनवरच्या संभाषणाची फक्त एक बाजू. सगळ्यात जास्त लक्ष उडालं ते एकच बाजू ऐकताना. कारण पुढे काय येणार याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो, आणि अर्धंच संभाषण ऐकू आलं की तो अंदाज पुन्हा पुन्हा चुकतो. म्हणून शेजारी दोन बायका गावच्या लग्नाबद्दल तासभर बोलत असल्या तरी डुलकी लागते, आणि मागच्या सीटवरचा एकटा माणूस फोनवर बोलत असेल तर लागत नाही.

त्याआधीचा, १९७० च्या सुमाराचा डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचा प्रयोग मला याहून महत्त्वाचा वाटतो. त्यांनी काही लोकांना अनियमितपणे होणारा मोठा आवाज ऐकवला. त्यातल्या काहींच्या समोर एक बटण ठेवलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर हे दाबा, आवाज थांबेल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज दोन्ही गटांनी सारखाच ऐकला. तरीही नंतर दिलेल्या कठीण कोड्यांवर बटण असलेले लोक जास्त वेळ चिकाटीने बसले. बटण नसलेल्यांनी लवकर सोडून दिलं. आवाज आपल्याला थांबवता येईल, एवढ्या भरवशानेच माणूस सावरलेला राहतो. बसमधल्या प्रवाशाकडे हे बटण नाही. आवाजापेक्षाही हे हतबल बसून राहणं माणसाला जास्त दमवतं, आणि घरी पोचल्यावर ते कुठे आणि कोणावर निघतं हे आपण सगळे पाहतो.

काही जण म्हणतील, त्यात काय, तोंड आहे ना, सांगावं की शेजाऱ्याला. मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. संध्याकाळची भरलेली बस होती. पुढच्या बाजूला बसलेला विशीतला एक मुलगा कुठल्यातरी विनोदी क्लिप एकामागून एक लावत होता. साठीच्या पुढच्या एका मावशींनी त्याला अगदी मऊपणाने म्हटलं, ‘बाळा, जरा हळू लाव ना.’ त्याने वरही न बघता उत्तर दिलं, ‘एवढा त्रास होत असेल तर रिक्षाने जायचं.’ मावशी गप्प झाल्या. आजूबाजूचे सगळे खिडकीबाहेर पाहू लागले. द्वारकेला तो उतरला आणि दार बंद होताच चार-पाच जण एकदम बोलायला लागले: बरं झालं, डोकं उठवलं होतं, आजकाल काही बोलायची सोय नाही. म्हणजे गाडीतल्या जवळजवळ प्रत्येकाला मावशींचंच म्हणणं मान्य होतं. पण प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच वैतागलोय. आणि त्या मुलालाही वाटलं असणार की एका म्हातारीशिवाय कोणाची तक्रार नाही.

अशा वेळी गप्प बसणाऱ्यांना भित्रे म्हणणं मला पटत नाही. त्यांचा हिशोब बरोबर असतो. बोललं तर बाचाबाची होणार, कदाचित मारामारी होणार, समोरच्याचे दोस्त पुढच्या स्टॉपवर चढणार. आणि हा हिशोब सगळ्यांसाठी सारखा नसतो. धिप्पाड पुरुष बोलला तर बऱ्याचदा आवाज कमी होतो. तेच वाक्य कॉलेजातल्या मुलीने उच्चारलं तर तिला काय ऐकावं लागेल? शेजारी बसून द्विअर्थी गाणी, अश्लील संवादांच्या क्लिप मुद्दाम मोठ्याने लावणारे पुरुष बायकांना चांगले माहीत आहेत. तो स्पर्श करत नाही, तिच्याशी बोलत नाही, तक्रार करावी असं त्याने काही केलं हे सिद्धही करता येत नाही. तो फक्त फोन बघतोय. तिने हरकत घेतली तर म्हणणार, तुला कशाला ऐकायला पाहिजे? अशा ठिकाणी ‘तुम्हीच सांगा ना त्यांना’ हा सल्ला म्हणजे त्या मुलीला एकटीला पुढे ढकलणं आहे. जो नियम फक्त दांडगा माणूस पाळायला लावू शकतो, त्या नियमाचा बाकीच्यांना काय उपयोग?

आणि नियम आहेत. हा भाग फारसा कोणाला माहीत नसतो, म्हणून थोडं तपशिलात जाते. एसटी महामंडळाने २०२३ च्या फेब्रुवारीत सूचना काढली की बसमध्ये मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी किंवा व्हिडिओ लावता येणार नाहीत, हेडफोन वापरावा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या बेस्टनेही तसंच केलं, आणि कारवाईसाठी १९५१ च्या पोलीस कायद्याचा आधार सांगितला. रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये रात्री दहानंतर इअरफोनशिवाय गाणी ऐकायला आणि मोठ्याने फोनवर बोलायला मनाई केली. रेल्वे कायद्याचं कलम १४५ तर १९८९ पासून आहे. उपद्रव करणाऱ्याला त्याखाली गाडीतून उतरवता येतं आणि दंडही होतो. शेजारच्या कर्नाटकात नोव्हेंबर २०२१ मध्ये हा विषय थेट उच्च न्यायालयात गेला. त्यानंतर तिथल्या परिवहन महामंडळाने स्पष्ट केलं की आधी विनंती करायची, प्रवासी ऐकत नसेल तर त्याला खाली उतरवायचं, आणि तो उतरेपर्यंत गाडी थांबवून ठेवता येईल.

तत्त्व तर त्याहून आधी ठरलेलं आहे. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावरचा मोठा निकाल दिला. सरन्यायाधीश लाहोटी यांच्या खंडपीठाने त्यात सांगितलं की बोलण्याचा हक्क आहे तसा ऐकण्याचा किंवा न ऐकण्याचाही हक्क आहे, आणि इच्छा नसलेल्याला ऐकायला भाग पाडणं हे घटनेच्या कलम २१ मधल्या शांतपणे जगण्याच्या हक्कावर आक्रमण आहे. निकाल लाउडस्पीकर आणि फटाक्यांच्या संदर्भात होता. पण तत्त्व बसच्या सीटला अधिकच लागू पडतं. अमेरिकेत मात्र याच्या उलट निकाल लागला होता. वॉशिंग्टनच्या ट्राम आणि बसमध्ये कंपनीनेच रेडिओ बसवला, त्यावर संगीत आणि मधूनमधून जाहिराती वाजायच्या. प्रवासी न्यायालयात गेले. १९५२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने रेडिओ चालू ठेवायला मुभा दिली. न्यायमूर्ती डग्लस यांनी विरोधी मत लिहिलं: प्रवासी पकडीत सापडलेला असतो, त्याला ऐकत बसण्यावाचून, किंवा न ऐकण्याचा प्रयत्न करत बसण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी खटल्यात भागच घेतला नाही, कारण त्या आवाजाचा त्रास ते स्वतः सोसत होते आणि त्यांच्या भावना इतक्या तीव्र होत्या की आपण निष्पक्ष राहू शकणार नाही असं त्यांना वाटलं. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची जर ही अवस्था, तर रात्रपाळीच्या कामगाराकडून कोणत्या सहनशीलतेची अपेक्षा करायची?

मग नियम असून काही होत का नाही? कारण परिपत्रक काढलं की काम संपलं असं मानलं जातं, आणि ते अंमलात आणायचं ओझं कंडक्टरवर टाकलं जातं, तेही त्याच्या हातात काहीच न देता. कंडक्टरची स्थिती आपण समजून घ्यायला हवी. जुलै २०२१ मध्ये नाशिकची शहर बससेवा एसटीकडून महापालिकेच्या सिटीलिंककडे आली. तिथले कंडक्टर ठेकेदारामार्फत नेमलेले असतात, आणि थकलेल्या पगारासाठी त्यांना काम बंद करावं लागल्याच्या बातम्या नाशिककरांनी वाचलेल्या आहेत. उभ्या गर्दीतून वाट काढत तिकीट द्यायचं, सुट्ट्या पैशांवरून वाद झेलायचे, पासवाल्यांची ओळखपत्रं पाहायची. त्यात एखाद्या दांडगट प्रवाशाशी आवाजावरून वाद झाला आणि त्याने उलट तक्रार केली, तर आपल्या पाठीशी कोणी उभं राहील याची त्याला खात्री नसते. अशा माणसाने स्वतःहून सगळ्या गाडीची शांतता राखावी असं म्हणणं सोपं आहे. त्याला खात्री द्या, मग अपेक्षा करा.

आता याला होणाऱ्या विरोधाबद्दल. त्यातला ‘शांतता हवी तर स्वतःच्या गाडीने जा’ हा मुद्दा मी गंभीरपणे घेऊ शकत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच निवांत प्रवास मिळावा, असं त्याचं सरळ भाषांतर होतं. शिवाय जे कसेबसे दुचाकी घेऊ शकतात ते अशाच कारणांनी बस सोडतात, आणि मग मुंबई नाक्यावरच्या कोंडीबद्दल आपण सगळे मिळून तक्रार करतो.

दुसरा विरोध खरा आहे. आपला समाज बोलका आहे, आपली गाडी कधीच गप्प नसते, हे युरोपातले नखरे इथे कशाला, असं तो म्हणतो. वारीला निघालेल्या एसटीत अभंग म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, सप्तशृंगी गडाच्या गाडीत देवीची गाणी म्हणणाऱ्या बायकांसोबत बसले आहे. त्या आवाजाचा मला कधी त्रास झाला नाही, आणि तो बंद व्हावा असं मी कधीही म्हणणार नाही. माणसांच्या तोंडून निघालेला आवाज समोरच्याकडे पाहून बदलतो. कोणी झोपलेलं दिसलं तर बायका हळू बोलतात, रडणाऱ्या लेकराला पाहून कोणीतरी गाणं थांबवतं आणि त्याला बिस्किट देतं. त्या आवाजात आपल्याला सामील होता येतं, नको म्हणता येतं. फोनच्या स्पीकरला समोर कोण बसलंय हे कळत नाही. बोलक्या गाडीची बाजू घ्यायची असेल, तर मोबाइलच्या आवाजाविरुद्ध उभं राहायला हवं, कारण शेजाऱ्याशी बोलणं पहिल्यांदा त्यानेच बंद पाडलंय.

फोनवर देवाची गाणी, कीर्तन, हरिपाठ मोठ्याने लावणाऱ्यांचंही असंच. त्यांना बोलणं सगळ्यात अवघड, कारण टोकलं की ते देवाला टोकल्यासारखं वाटतं. पण भक्ती करणाऱ्याची मुद्रा पाहिली की कळतं, बऱ्याच आजोबांना स्वतःला कमी ऐकू येतं आणि फोन किती मोठ्याने वाजतोय याचा त्यांना पत्ता नसतो. त्यांना कोणी आदराने सांगितलं तर ते ओशाळून लगेच बंद करतात. इथे मला रागाची गरज दिसत नाही.

खरी पंचाईत तिसऱ्या ठिकाणी आहे. छाटणीच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये कामाला येणारी पेठ-सुरगाण्याकडची माणसं गाडीत स्पीकर लावून घरी बोलतात. एका फोनवर नवरा, बायको, दोन पोरं, आणि पलीकडे आजी. त्यांच्यासाठी स्पीकर म्हणजे सगळ्यांनी एकत्र बोलण्याची एकमेव सोय. घरी पोचायला किती वाजतील, दवाखान्यात काय झालं, पैसे पोचले का, हे बोलणं पाच मिनिटांत संपतं. त्याला करमणुकीच्या रांगेत बसवून दंड करणारा कुठलाही नियम मी अन्यायाचाच म्हणेन. म्हणून माझ्या मते मनाई दोनच गोष्टींना हवी: इअरफोनशिवाय गाणी आणि व्हिडिओ, आणि स्पीकरवर लांबलेल्या गप्पा. गरजेच्या फोनला मोकळीक हवी. इअरफोन परवडत नाही म्हणणाऱ्याला व्हिडिओ आवाज बंद करून पाहता येतो. अनेक व्हिडिओंवर अक्षरं असतातच.

शिस्त नाशिककरांना जमत नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्याला पंचवटी एक्स्प्रेस दाखवावी. १९७५ पासून मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांची ही गाडी. तिच्या पासधारकांनी रेल परिषद या प्रवासी संघटनेच्या पुढाकाराने एक डबा ‘आदर्श कोच’ म्हणून चालवायला घेतला. पत्ते कुटायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही, मोबाइल सायलेंटवर ठेवायचा, डबा स्वच्छ ठेवायचा. हे सगळं स्मार्टफोन घरोघरी पोचण्याच्या आधीच ठरलं होतं, वरून आलेल्या कुठल्याही आदेशाशिवाय. त्याची दखल लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्सनेही घेतली. पण तो डबा चालला त्यामागचं कारण पाहिलं पाहिजे. तिथे रोज तीच माणसं भेटायची. नियम मोडला तर उद्या सकाळी त्याच लोकांत बसायचं होतं. शहर बसमध्ये शालिमारला चढलेला माणूस सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, उतरतो आणि आयुष्यात पुन्हा दिसत नाही. ओळखीच्या लाजेने जे पंचवटीत साधलं, ते अनोळखी गर्दीत संस्थेलाच साधावं लागेल.

ते कसं, याबद्दल माझी अपेक्षा फार मोठी नाही. गाडी सुटताना किंवा पहिलं तिकीट फाडताना कंडक्टरने सगळ्यांना ऐकू जाईल असं एक वाक्य बोलावं: ‘मोबाइलचा आवाज बंद ठेवा, ऐकायचं असेल तर इअरफोन लावा.’ कोणा एकाकडे बोट दाखवायचं नाही, सगळ्यांना सांगायचं, रोज, प्रत्येक फेरीला. यात मावशींना बळ मिळतं, कारण आता त्या स्वतःची तक्रार मांडत नसतात, गाडीचा नियम आठवून देत असतात. कॉलेजातल्या मुलीला तर त्या माणसाशी बोलावंच लागत नाही, तिला फक्त कंडक्टरकडे पाहायचं असतं. त्याच वेळी आगारप्रमुखाने लेखी द्यावं की या कारणावरून वाद झाला तर संस्था कंडक्टरच्या बाजूने उभी राहील. दंड मला सुरुवातीला नकोच. दंड आला की पावती, वाद आणि चिरीमिरी मागोमाग येतात. दोनदा सांगूनही न ऐकणाऱ्याला पुढच्या थांब्यावर उतरवायचा अधिकार पुरेसा आहे, तोही दिवसाउजेडी आणि वस्तीच्या थांब्यावर.

आणि सुरुवात गाडीच्या पुढच्या टोकापासून व्हावी. कसाऱ्याला जाणाऱ्या टॅक्सीत, खासगी ट्रॅव्हल्समध्ये, आणि काही बसमध्येही ड्रायव्हरच्या शेजारी गाणी लागलेली असतात, कधीकधी ड्रायव्हर स्वतः स्पीकरवर बोलत घाट उतरत असतो. तिथे तर प्रश्न झोपेचा उरतच नाही, जिवाचा होतो. बसस्थानकांवर जाहिराती मोठ्याने वाजवायच्या आणि गाडीत प्रवाशाला गप्प बसायला सांगायचं, हेही चालणार नाही.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर देशभरातून माणसं येणार, आणि त्यातली बहुतेक शेवटचा टप्पा बसनेच पार करणार. त्यासाठी जादा गाड्या आणि जादा माणसं लागतील, त्यांना प्रशिक्षण द्यावं लागेल. हे एक वाक्य त्या प्रशिक्षणात मराठी आणि हिंदी दोन्हींत घालता येईल, फलकावर अक्षरांसोबत चित्र लावता येईल, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल. पर्वणीच्या दिवसांची वाट पाहायचं कारण नाही. निमाणी आणि नाशिकरोडहून सुटणाऱ्या नेहमीच्या फेऱ्यांवर ते आत्ताच सुरू करावं, म्हणजे गर्दी वाढेपर्यंत कंडक्टरच्या तोंडी ते बसलेलं असेल.